'द प्राइस इज राइट'मधले खेळ वेगानुसार कसे लावायचे?

अमेरिकन टीव्हीवरच्या या किमती ओळखण्याच्या कार्यक्रमातले खेळ जलद ते लांब असे लावताना, क्लॉक गेमचं घड्याळ 30 सेकंदांचं, म्हणून तो सगळ्यात जलद, असं बरेच जण धरूनच चालतात. घोळ तिथेच आहे. स्टॉपवॉच लावून केलेल्या याद्या मला मान्य नाहीत, आणि या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असतो. मोजायचे ते थांबे. स्पर्धकाने ठरवायचं आणि सूत्रसंचालक ड्रू कॅरीने उत्तर उघडायचं, असं किती वेळा होतं? बक्षिसाचं वर्णन त्यात धरूच नका, ते प्रत्येक खेळात असतंच.

डबल प्राइसेसमध्ये दोन किमतींतून एक निवडायची, कमिंग ऑर गोइंगमध्ये आकडे डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचे. एकच थांबा, हे जलद. लकी सेव्हन हा मधल्या वेगाचा: कारच्या किमतीचा पहिला आकडा आयता मिळतो, उरलेले चार ओळखायचे. प्रत्येक आकडा जितक्याने चुकाल तितके डॉलर हातातल्या सात डॉलरांतून जातात, आणि शेवटी एक तरी उरावा लागतो. प्लिंको लांबच. छोट्या वस्तूंच्या किमती ओळखून चिप मिळवायच्या, आणि प्रत्येक वस्तू, प्रत्येक चिप हा एक थांबा. चारही वस्तू चुकल्या तरी फुकटची एक चिप असतेच, ती घेऊन वर चढायचं आणि खुंट्यांच्या उभ्या फळीवरून खाली सोडायची.

स्टॉपवॉचवाले फसतात ते टेन चान्सेसमध्ये. दहा संधी, तीन बक्षिसं. पहिल्याची किंमत दिलेल्या तीन आकड्यांतून दोन घेऊन, दुसऱ्याची चारांतून तीन घेऊन, कारची पाचही आकडे वापरून लिहायची. म्हणजे शक्यता 6, 24 आणि 120. पण इथल्या किमती वर्षानुवर्षं बहुतेक शून्यावरच संपत आल्यात. शून्य शेवटी ठेवलं की त्याच शक्यता 2, 6 आणि 24 होतात. हे ज्याला ठाऊक, तो झटपट कारपर्यंत पोहोचतो. ज्याला नाही, तो पहिल्याच वस्तूवर चार-पाच संधी घालवतो, आणि प्रत्येक वेळी मार्करने नवी किंमत लिहायची. खेळ तोच, वेळ दुप्पट. मग सरासरी काढून काय कळणार? जास्तीत जास्त थांबे दहा, म्हणून तो लांब गटात. एका तासात सहा खेळ बसवायचे तर हिशेब कमाल वेळेचाच करावा लागतो.

एक मात्र खरं, घड्याळावरच्या खेळांना ही मोजणी लागू पडत नाही. क्लॉक गेममध्ये स्पर्धकाची किमतीची बोली आणि त्यावर 'वर', 'खाली' अशी उत्तरं इतक्या भराभर येतात की थांबे मोजणं व्यर्थ. तो आणि 45 सेकंदांचा रेस गेम वेगळ्या गटात ठेवा. रेस गेममध्ये बक्षिसांवर किमतीच्या पाट्या लावायच्या, मग दांडा ओढल्यावर किती किमती बरोबर ते कळतं, कोणत्या ते नाही, त्यामुळे बरेच सेकंद पाट्या बदलत पळण्यातच जातात.