नवरा चांगला आहे, तरी मी सुखी नाही

पत्र : मी ४३ वर्षांची, इंदिरानगरला राहते. लग्नाला २० वर्षं झाली. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार घरात देतात. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि लक्षात आलं की आमच्यात ‘डबा भरला का’, ‘गॅसचा नंबर लावला का’ याच्यापलीकडे बोलणंच नाही. सार्वजनिक वाचनालयातून रवींद्रनाथांची, घर सोडून गेलेल्या मृणालने नवऱ्याला लिहिलेल्या पत्राची गोष्ट आणली होती, ती यांना वाचून दाखवायला घेतली, तर दोन पानांत टीव्हीचा आवाज वाढला. एका बालवाडीत शिकवायला बोलावलंय, हे म्हणतात गरज काय, भिशी लाव. आई म्हणते, तुला कमी काय आहे? सांगायला लाज वाटते, पण हे कंपनीच्या कामाने आठवडाभर बाहेरगावी गेले की मला बरं वाटतं. रात्री झोप लागत नाही. मी कृतघ्न आहे का? मृणालसारखं निघून जावं का?

ताई,

तुमचं पत्र दुधाच्या हिशेबाच्या वहीतून फाडलेल्या पानावर आहे. त्यात ‘कृतघ्न’ हा शब्द तुम्ही दोनदा खोडलाय आणि तिसऱ्यांदा लिहिलाय. म्हणून आधी तेच सांगते. तुम्ही कृतघ्न नाही.

आईंचा प्रश्न नवा नाही. १९१४ साली ‘सबुजपत्र’ मासिकात ही गोष्ट आली, तेव्हा मृणालने तो आपल्या पत्रात आधीच निकालात काढला होता. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, नवऱ्याच्या चारित्र्यात बोट ठेवायला जागा नव्हती, हे ती स्वतःच लिहिते. तिचा नवरा दारुडा, मारकुटा असता तर वाचणारा चटकन म्हणाला असता, मग गेली ते बरंच केलं. रवींद्रनाथांनी ती सोयच ठेवली नाही. मृणाल चोरून कविता करायची आणि सासरी पंधरा वर्षांत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. एका छपराखाली इतकी वर्षं काढून आपल्या मनात काय आहे हे कुणी विचारूच नये, हे दुःख खरं आहे. भरलेल्या डब्यांनी ते फिटत नाही.

आता तुमच्या लाजेबद्दल. केट शोपँ या अमेरिकन लेखिकेची १८९४ सालची एक अगदी छोटी गोष्ट आहे, चहा पिता पिता वाचून होईल एवढी. लुईज मॅलर्डला नवरा रेल्वे अपघातात गेल्याचं कळतं. ती ओक्साबोक्शी रडते, मग खोलीत एकटीच खिडकीपाशी बसते, आणि हळूहळू तिला कळतं की आता आपण मोकळ्या आहोत. नवरा वाईट नव्हता, तिच्यावर त्याचं प्रेम होतं, हेही तिला त्याच क्षणी ठाऊक असतं. थोड्या वेळाने तोच धडधाकट दारात उभा राहतो आणि तिचा जीव जातो. डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली. या बाईने नवऱ्याचं वाईट कधीच चिंतलं नव्हतं, आणि तुम्हीही चिंतलेलं नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत, आपल्याला भूक लागेल तेव्हा आपण जेवतो, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. त्यात पाप कसलं?

पण मृणालसारखं निघून जावं का, इथे मी तुम्हाला थांबवते. नवरा बोलत नाही म्हणून मृणाल गेली नाही. मोठ्या जावेची अनाथ बहीण बिंदू, तिला घरच्यांनी एका वेड्याच्या गळ्यात बांधलं, ती पळून आली तर परत धाडलं, आणि शेवटी त्या पोरीचा जीव गेला. ते कळल्यावर मृणालला त्या घरात परतायचं नव्हतं. तुमच्या घरात असं काही घडलेलं नाही.

तुमची गोष्ट मला रवींद्रनाथांच्याच १९०१ सालच्या ‘नष्टनीड’ या कथेशी जास्त जुळणारी वाटते. भूपती आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला. त्याची बायको चारू एकटी पडते हे त्याला अंधुक कळतं, म्हणून तो मेहुण्याच्या बायकोला तिच्या सोबतीला आणून ठेवतो. तुमच्या मिस्टरांची भिशी ती हीच. दुष्टपणा नाही, पण चारूला नवराच हवा होता हे भूपतीला कळेपर्यंत सगळं हातातून गेलेलं असतं. त्याला वेळेवर कुणी स्पष्ट सांगितलंच नाही, याची मला ती गोष्ट वाचताना दर वेळी हळहळ वाटते.

मृणाल लिहिते की लग्नाच्या पंधरा वर्षांत तिने नवऱ्याला एकही पत्र लिहिलं नव्हतं. पहिलं लिहिलं ते घर सोडल्यावर. तुम्ही ते घरात राहूनच लिहा. मला जे लिहिलंत ते खरं तर त्यांच्या हातात पडायला हवं होतं. आईचं वाक्य त्यातून काढा, टीव्हीचा प्रसंग ठेवा. ‘तुम्हाला माझी किंमत नाही’ असलं काही नको, त्यावर भांडण होईल आणि विषय तिथेच राहील. रविवारी जेवणानंतर अर्धा तास, टीव्ही बंद करून, एवढंच मागा. तरी काही हललं नाही, तर दोघांनी मिळून विवाह समुपदेशकाकडे जायचं म्हणा. त्यालाही ते नाहीच म्हणाले, तर वेगळं राहण्याचा विचार जरूर करा, मी तुम्हाला अडवणार नाही.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि बालवाडीला आजच होकार कळवा. पगार थोडा असला तरी तो तुमच्या नावाच्या खात्यात जमा होऊ द्या. मिस्टरांच्या उत्तराची वाट यासाठी बघू नका, जूनला शाळा सुरू होते.