‘होरा’ अहोरात्रातून आलेला नाही

प्रश्न असा : ‘त्यांच्या भाषणाचा होरा सरकारविरोधी होता’ हे वाक्य बरोबर का? आणि ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’मधून आला, हे खरं का?

वाक्य चूक आहे. भाषणाला रोख असतो, होरा नव्हे. होरा म्हणजे अंदाज, बांधलेलं भाकीत. तो खरा ठरतो किंवा चुकतो. बातम्यांत हल्ली ही गल्लत इतकी ऐकू येते की जीव वैतागतो.

आता अहोरात्र. ही व्युत्पत्ती सांगणारे प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ग्रंथाकडे बोट दाखवतात, पण ओळ नीट वाचत नाहीत. ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्।’ यातला ‘एके’ सगळे गिळून टाकतात! ‘काही जणांना असं वाटतं’, एवढंच तो म्हणतो. पुढचा ‘अ’ आणि मागचा ‘त्र’ छाटायचा, मध्ये उरेल तो होरा. अशी दोन्हीकडून कात्री चालवली तर कुठल्याही शब्दातून काहीही निघेल. त्याच ग्रंथात केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र, द्रेक्काण हे ज्योतिषातले शब्द आहेत, सगळे मूळचे ग्रीक. त्याच्याच बृहत्संहितेत तर यवनांमध्ये, म्हणजे ग्रीकांमध्ये, हे शास्त्र नीट रुजलं आहे आणि म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असं स्वच्छ लिहिलं आहे. त्याला ऋण मान्य होतं. मग आपणच का लपवायचं?

मूळ ग्रीक शब्दही ‘होरा’च. वर्षाचा ऋतू, दिवसाची घटका, एखाद्या गोष्टीची नेमकी वेळ. त्याचं अनेकवचन ‘होराइ’, आणि या होराइ म्हणजे देवी. होमरच्या इलियडमध्ये त्या ऑलिम्पसच्या, म्हणजे देवांच्या पर्वताच्या, दारावरचे ढग उघडतात आणि मिटतात. अथेन्समध्ये त्यांपैकी एक थाल्लो, पालवीची, आणि दुसरी कार्पो, फळाची. ग्रीक कवी हेसिओड मात्र होराइ म्हणून झ्यूस आणि थेमिस या देवदेवीच्या तीन मुली सांगतो : एउनोमिया म्हणजे सुव्यवस्था, दिके म्हणजे न्याय, एइरेने म्हणजे शांती. केफिसोडोटस या शिल्पकाराने एइरेनेच्या कडेवर बाळ प्लूटोस, म्हणजे संपत्ती, दिला. शांतीच्या कडेवर संपत्ती वाढते, हे इतकं सरळ कुणी घडवलं असेल?

ऋतूंच्या देवी न्याय आणि शांतीच्या कशा, असं विचाराल, तर आपल्याकडे पाहा. ‘ऋत’ म्हणजे विश्वाची सुव्यवस्था, सत्य. ‘ऋतु’ म्हणजे हंगाम. दोन्ही एकाच धातूचे. ग्रीकांनी देवींच्या रूपात जे सांगितलं, ते वैदिकांनी धातूत ठेवलं. होरा आणि ऋतु यांचा शब्दनात्याने संबंध नाही, पण विचार एकच : पालवी वेळेवर फुटणं आणि न्याय होणं ही एकाच व्यवस्थेची दोन रूपं. दिके तर शब्दानेही आपली. जो धातू ‘दिश्’ म्हणून ‘दिशा’त दिसतो, तोच तिच्यात आहे. दाखवून दिलेली वाट, म्हणजे न्याय.

पुढे जोतिषी होरा, म्हणजे वेळेवरून कुंडली, मांडून भविष्य सांगू लागले आणि मराठीत होरा म्हणजे अंदाज झाला. संस्कृतात हा शब्द स्त्रीलिंगीच राहिला. ‘माझा होरा चुकला’ म्हणताना आपण मात्र त्या देवीला पुल्लिंगी करून टाकलं आहे.