शंका-समाधान : कोइंब्रात शिकायला जाताना

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे बरेच प्रश्न आमच्याकडे जमले आहेत. त्यांतले पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : दीड वर्ष मोबाइलच्या ॲपवर पोर्तुगीज शिकतो आहे. वाचलेलं समजतं, लिहिताही येतं. पण कोइंब्रातल्या प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलं, तर निम्मंसुद्धा कळत नाही. कुठे चुकतंय?

तुमचं काही चुकलेलं नाही. बहुतेक ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. लिहिताना फरक थोडा, पण कानाला फार मोठा. ब्राझीलमध्ये स्वर मोकळे उच्चारतात. पोर्तुगालमध्ये ज्या अक्षरावर जोर नाही, त्याचा स्वर जवळजवळ गिळून टाकतात. ‘विद्यार्थी’ या अर्थाचा अनेकवचनी शब्द ब्राझीलमध्ये ‘एस्तुदांचिस’ असा ऐकू येतो, तर कोइंब्रात तोच ‘श्तुदांत्श’ होतो. स्पेलिंग एकच! म्हणून शब्द अख्खा ऐकू येईल अशी वाट पाहू नका. जोर कुठल्या अक्षरावर आहे तेवढं पकडायचं, बाकीचं कान हळूहळू भरून काढतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पोर्तुगालच्या सरकारी रेडिओवरच्या बातम्या ऐका आणि एकेक वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. जाण्याआधी तीन महिने तरी ही सवय हवी.

काही शब्द सरळ बदलावे लागतील. बसला ‘ओनिबुस’ नाही, ‘आउतोकारु’. ट्रेनला ‘त्रेंग’ नाही, ‘कोंबोयु’. आणि ‘प्रोपिना’ ऐकून दचकू नका: ब्राझीलमध्ये तिचा अर्थ लाच, पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी. समोरच्याला ‘व्होसे’ म्हणण्याची ब्राझिली सवयही सोडा. पोर्तुगालमध्ये ते अनेकांना उद्धट वाटतं. प्राध्यापकांशी बोलताना ‘सेन्योर प्रोफेसोर’ किंवा ‘सेन्योरा प्रोफेसोरा’ म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी ठेवायचं. मराठीत ‘सर, आपण कधी भेटाल?’ म्हणताना जी अदब असते, तीच ही.

मराठी माणसाच्या पदरात एक गोष्ट आधीच आहे. चावी, साबण, लिलाव, घमेलं, पगार, नाताळ हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. ‘पाव’ म्हणताना शेवटचा आवाज नाकातून काढला, की परदेशी मुलांना छळणारा तो ‘आंव’ तुम्हाला जवळजवळ जमलाच म्हणून समजा.

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये जाणार आहे. खोली फोटो बघून ठरवावी का? युरोपात घरं गरम असतात, असं ऐकलंय.

इथे ‘युरोप’ या एका शब्दावर विसंबू नका. पोर्तुगालमधल्या जुन्या घरांत सहसा सेंट्रल हीटिंग नसतं. कोइंब्रात हिवाळा पावसाळी असतो आणि जानेवारीत बाहेरच्यापेक्षा खोलीतच जास्त गारठा वाटतो. तेव्हा फोटोवर ठरवू नये. आधी थोड्या दिवसांची तात्पुरती सोय करून खोल्या स्वतः पाहाव्यात.

बघताना कपाट भिंतीपासून थोडं ओढून मागची भिंत पाहा. काळे ठिपके दिसले किंवा नवा रंग फक्त त्या एकाच कोपऱ्यात लावलेला दिसला, तर तिथे ‘बोलोर’ म्हणजे बुरशी आहे. बाहेरच्या भिंतीला चिकटून सामान ठेवलं, ओले कपडे खोलीतच वाळत घातले आणि थंडीमुळे खिडकी बंद ठेवली, की ती हमखास वाढते. सामान हातभर नाही तरी चार बोटं पुढे ओढावं, रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडावी. एवढ्याने भागलं नाही, तर ‘देझुमिदिफिकादोर’ म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र हीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण कोरडी हवा लवकर तापते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती विजेची. प्रत्येक घराने वीज कंपनीशी एका ठरलेल्या क्षमतेचा करार केलेला असतो. तिला ‘पोतेंसिया’ म्हणतात. लहान घरांत ती बहुधा ३.४५ केव्हीए असते, म्हणजे एका वेळी साधारण ३,४५० वॉट. तेलाचा हीटर २,००० वॉटचा, पाण्याची विजेची किटली आणखी २,००० वॉटची. दोन्ही एकदम लावले, की अख्खं घर अंधारात! घाबरायचं कारण नाही. आधी एक उपकरण काढायचं, मग दाराजवळच्या पेटीतला मुख्य स्विच वर करायचा. काहीच न काढता स्विच वर केला, तर तो लगेच पुन्हा पडतो. पोतेंसिया वाढवून घेता येते, पण त्यासोबत रोजचा ठरीव आकारही वाढतो. तेव्हा घरात किती जण राहतात आणि पोतेंसिया किती, हे भाडं ठरवतानाच विचारावं.

जाहिरातीतलं ‘टी-२’ म्हणजे दोन झोपायच्या खोल्या आणि बैठकीची खोली. ‘टी-०’ म्हणजे सगळं एकाच खोलीत. ‘देश्पेझश इंक्लुईदश’ लिहिलेलं असलं, तर वीज-पाणी भाड्यात धरलेलं आहे. पण वीज किती वापरेपर्यंत, ते लेखी घ्यावं. लेखी करार आणि दरमहाची पावती द्यायला तयार नसेल, त्या घरमालकाकडे खोली घेऊ नये, भाडं कितीही कमी असो. पुढे निवास परवान्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि तो नसला की मुलगी अडकते.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. तिथे उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. २०१७च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने सरकारी कॅन्टीनमध्ये रोज किमान एक शाकाहारी जेवण ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि सरकारी विद्यापीठांची कॅन्टीनही त्यात येतात. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्या जेवणात दूध-अंडीसुद्धा नसतात. सूप, पाव, मुख्य पदार्थ आणि फळ असं पूर्ण ताट विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं.

अडचण बाहेरच्या खानावळीत येते. ‘काल्दु व्हेर्द’ हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसतं हिरवंगार, पण त्यात सॉसेजची चकती टाकलेली असते. ‘सें कार्न’ म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलं तर मासे किंवा हॅम येऊ शकतं. म्हणून तिन्ही नावं घ्यायची: सें कार्न, सें पेइश, सें फियांब्र. अंडं वर्ज्य असेल, तर मिठायांबाबत सावध राहा. जवळच्या तेंतुगालची प्रसिद्ध पेस्ट्री कागदासारख्या पातळ पाऱ्यांची असते, पण आतलं सारण अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं.

प्रश्न : मुलाला २० पैकी १३ मिळाले. शाळेत नेहमी नव्वदच्या वर असायचा. काळजी करावी का?

त्याला रागावू नका. १० ला पास, ९.५ मिळाले तरी १० धरतात. १० ते १३ पुरेसं, १४-१५ चांगलं, १६-१७ खूप चांगलं, १८ पासून पुढे उत्कृष्ट. वीस क्वचितच कुणाला पडतात. या १३चे परस्पर ६५ टक्के करून नातेवाइकांना सांगणं मुलावर अन्याय आहे.

त्याला मात्र दोन शब्द नीट समजायला हवेत. ‘फ्रेक्वेंसिया’चा अर्थ एरवी हजेरी, पण कोइंब्रातली मुलं सत्रात होणाऱ्या लेखी चाचणीलाही तेच म्हणतात. ‘रेकुर्सु’ म्हणजे नेहमीच्या परीक्षेनंतरची दुसरी संधी. गुण वाढवण्यासाठी बसायचं असेल, तर नावनोंदणीची मुदत ‘इन्फॉरएश्तुदांत’ या विद्यापीठाच्या पोर्टलवर सत्राच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावी. आणि वर्ग थोडे दिसले म्हणून निवांत राहू नये: ६ क्रेडिटच्या विषयामागे वर्ग धरून दीडशेहून अधिक तासांचं काम गृहीत असतं.

प्रश्न : पोहोचल्यावर पहिलं सरकारी काम कोणतं?

‘निफ’, म्हणजे नऊ अंकी करक्रमांक. तो ‘फिनांसश’ कार्यालयात मिळतो. घराचा करार, बँक खातं, फोनचा प्लॅन, सगळीकडे आधी तोच विचारतात. खोली पक्की झाली की याच कार्यालयात पत्ता बदलून घ्या, नाहीतर सरकारी पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात. विद्यार्थी व्हिसा चार महिन्यांचा असतो. तेवढ्यात ‘आयमा’ या परदेशी नागरिकांचे परवाने पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे निवास परवान्याचं काम मार्गी लावावं लागतं. ऑक्टोबर २०२३मध्ये या संस्थेने जुन्या ‘सेफ’ची जागा घेतली, त्यामुळे सेफचे पत्ते आणि फॉर्म सांगणारी जुनी माहिती बाजूला ठेवा. फी एटीएममधून भरण्यासाठी मिळणाऱ्या ‘मुल्तिबांकु’ (पोर्तुगालमधलं एटीएमचं जाळं) संदर्भात पाच अंकी संस्था-क्रमांक, नऊ अंकी संदर्भ-क्रमांक आणि रक्कम असते. तिन्ही एटीएममध्ये जसेच्या तसे टाका आणि पावतीचा लगेच फोटो काढा, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.