हिचवर 3,629 लिहिलंय म्हणून 3,629 ओढता येत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिचच्या (ट्रेलर जोडायला गाडीमागे बसवलेल्या लोखंडी जोडाच्या) पट्टीवर 3,629 किलो छापलंय, गाडीच्या पुस्तिकेत टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढायची, मर्यादा 2,000 किलो दिली आहे, ट्रेलर भरून साधारण 1,500 किलो होईल. दोन्हीकडे भरपूर जागा दिसते, तर चौघं जण आणि सामान घेऊन निघायला हरकत नाही ना?

हरकत आहे. आणि ती ज्या आकड्यावर अडते, तो या तीन आकड्यांत नाहीच.

आधी हिचचं बघू. 3,629 हा विचित्र आकडा म्हणजे सरळ 8,000 पौंड. अमेरिकी पद्धतीत हिचचे वर्ग असतात. क्लास 1 म्हणजे 2,000 पौंड (907 किलो), क्लास 2 म्हणजे 3,500 पौंड (1,588 किलो), तुमचा क्लास 3 साधारण 8,000 पौंडांपर्यंत, आणि त्यापुढे 4 आणि 5. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, म्हणून वर्गापेक्षा पट्टी वाचावी. पण हा आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे. गाडीची चेसी, मागचा ॲक्सल, ब्रेक, गिअरबॉक्स यांबद्दल तो काहीच सांगत नाही. मोठ्या वर्गाचा हिच बसवला की गाडी जास्त ओढते, हा समज कुठून येतो देव जाणे, पण दर दोन महिन्यांनी कोणीतरी तो घेऊन इथे येतंच.

पट्टी पुन्हा एकदा नीट बघा. कित्येक हिचवर आकड्यांच्या दोन जोड्या असतात, एक साध्या जोडणीची आणि दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशन बार (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या दांड्या) लावल्यावरची. मोठा आकडा बहुतेक वेळा दुसऱ्या जोडीतला असतो. युरोपीय हिच असेल तर किलोऐवजी डी-व्हॅल्यू, म्हणजे हिच किती ओढ सहन करतो तो आकडा, किलोन्यूटनमध्ये आणि एस-व्हॅल्यू, म्हणजे बॉलवरचा (ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावरचा) कमाल उभा भार, किलोमध्ये दिलेली असते. डी काढायला गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं वजन टनांत घ्यायचं, त्यांच्या गुणाकाराला बेरजेने भागायचं आणि 9.81 ने गुणायचं. तुमच्या 2.45 टनांच्या गाडीला आणि दीड टनाच्या ट्रेलरला ते साधारण 9.1 येतं. हिचवरचा डी त्याहून कमी नसावा.

आता मुख्य मुद्दा. ट्रेलर फक्त मागे ओढत नाही, तो बॉलवर खाली भारही टाकतो. हे टंग वेट. साध्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं असं अमेरिकेत धरतात. युरोपातले ट्रेलर कमी भारावर बेतलेले असतात, तिथे ट्रेलरच्या पुस्तिकेतला आकडा पाळावा. तुमच्या 1,500 किलोंना 150 ते 225 किलो होतात. हा भार गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडीत माणसं आणि सामान मिळून जेवढं वजन घेता येतं त्यातून, वजा होतो. तो ट्रेलरच्या खात्यात टाकून गाडीचा हिशेब वेगळा करता येत नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून: गाडीचं कमाल वजन 2,450, रिकामी गाडी 1,950, म्हणजे पेलोड 500 किलो. (ही 1,950 ड्रायव्हर धरून आहेत की न धरता, ते बघा. काही कंपन्या धरतात.) चौघांचे 280 किलो. डिकीतलं सामान 80. हिच नंतर बसवलेला आहे, तर तो आणि बॉल माउंट (बॉल बसवायचा दांडा) मिळून 25 धरू. झाले 385. उरले 115. आणि टंग वेट कमीत कमी 150. म्हणजे टोइंगच्या मर्यादेत 500 किलो शिल्लक असताना, हिचवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी असताना, गाडी मात्र 35 किलोंनी ओव्हरलोड. 12 टक्के टंग वेट धरलं तर 65 किलोंनी. कुटुंबाच्या गाडीत मर्यादा आधी इथेच संपते, आणि जाहिरातीत हा आकडा कधी दिसत नाही.

जाहिरातीतला 2,000 कसा येतो तेही सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे 2807 नावाचं एक मानक आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर, एसी चालू ठेवून, गाडीने ट्रेलर ओढत किमान वेग टिकवायचा असतो. चाचणी कडक आहे, पण गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी 68 किलो, एवढेच धरलेले असतात. तुम्ही चौघं आहात. वर सगळेच उत्पादक हे मानक पाळतात असंही नाही.

हा भार मागच्या चाकांच्या पाठीमागे पडतो, त्यामुळे गाडी पहारीसारखी उचलली जाते. दोन्ही ॲक्सलमध्ये 2.8 मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल 1.2 मीटर मागे असेल, तर 150 किलोंच्या टंग वेटने पुढच्या चाकांवरचे 64 किलो कमी होतात आणि मागच्या ॲक्सलवर 214 वाढतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही सैल वाटतात. म्हणून एकूण वजनाबरोबर मागच्या ॲक्सलची मर्यादाही बघायची, ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडते. वेट डिस्ट्रिब्यूशन बारने भार पुन्हा पुढे सरकतो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडेही जातो, पण गाडीच्या स्टिकरवरचा पेलोड त्याने वाढत नाही.

वर एका सदस्याने सुचवलंय की सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवा, टंग वेट आपोआप कमी होईल. होईल, आणि ट्रेलर शेपटी मारायला लागेल. हा सल्ला कृपा करून कोणी घेऊ नका. नाक हलकं झालेला ट्रेलर ठरावीक वेगापर्यंत गुमान चालतो, मग एखादा मोठा ट्रक शेजारून गेला किंवा उतारावर वेग वाढला की डावी-उजवी सुरू होते आणि प्रत्येक झोक्याला वाढत जाते. तशी वेळ आलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने दाबायचा कंट्रोल असेल तर तेवढाच दाबा. गाडीचा ब्रेक करकचून मारू नका, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको.

वजन कमी करायचं ते गाडीतून करा. जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या जरा पुढे, खाली जमिनीलगत, घट्ट बांधून ठेवा. पाण्याची टाकी रिकामी न्या. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर टंग वेटवर लगेच परिणाम दिसतो. तरीही बसत नसेल तर हलका ट्रेलर, किंवा चौथ्या माणसाला दुसऱ्या गाडीतून.

पण हे सगळं कागदावरचं झालं. एकदा वजनकाट्यावर जा, निघताना असाल तसेच: माणसं आत, इंधनाची टाकी फुल. तीन वजनं करायची. पहिलं, ट्रेलर जोडलेला पण फक्त गाडीची चाकं काट्यावर. दुसरं, गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर. तिसरं, ट्रेलर सोडून एकटी गाडी. पहिल्यातून तिसरं वजा केलं की टंग वेट. दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन. पहिलं वजन स्वतःच 2,450 च्या आत हवं, आणि दुसरं पुस्तिकेत दिलेल्या गाडी-ट्रेलरच्या एकत्रित मर्यादेच्या आत. बार लावलेले असतील तर टंग वेट मोजताना ते सैल ठेवा.

जाता जाता बॉल. त्याच्यावरही स्वतंत्र रेटिंग कोरलेलं असतं, बॉल माउंटवरही, आणि सगळ्यांत लहान आकडा तोच तुमचा. 2 इंची बॉल वेगवेगळ्या जाडीच्या दांड्यांचे मिळतात आणि त्यांच्या रेटिंगमध्ये दुपटीचाही फरक असतो, वरून मात्र सगळे सारखेच दिसतात. दुसरं, 50 मिमी आणि 2 इंच एकच नाहीत, 2 इंच म्हणजे 50.8. युरोपीय बॉलवर अमेरिकी कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) बसतो, पण ढिला. कपलर लॉक केल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड बसली. साखळ्या कपलरखाली एकमेकींवर फुली करून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांवर टेकतं.

काटा झाला की तिन्ही वजनं आणि स्टिकरवरची मागच्या ॲक्सलची मर्यादा इथे लिहा, मग ट्रेलरमध्ये किती भरायचं ते नक्की सांगता येईल.