गोव्यात बुटिकमध्ये नेमकं काय आणि कुठे घ्यावं?

किनाऱ्यावर घेऊ नका, हे पहिलं. कळंगुट-बागाच्या दुकानांतल्या आरसेकामाच्या पिशव्या बहुतेक राजस्थान-गुजरातकडच्या. हणजूणचा बुधवारचा बाजार हिंडायला मजेचा (पावसाळ्यात बंद असतो), पण तिथेही गोव्याचं असं थोडंच.

अस्सल गोव्याचं हवं तर पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांत शिरा. हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा तिथे मिळतात. घराच्या नावाची पाटी करून घ्यायची तर पहिल्याच दिवशी सांगा, रंगवून भट्टीत भाजायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट कुणबी साडी. लाल चौकड्यांची, जाड सुती, पूर्वी शेतात राबणाऱ्या बायका गुडघ्यापर्यंत नेसायच्या. ती जवळपास विस्मरणात गेली होती. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा पुढे आणलं. हातमागाची आहे का, हे विचाराच. यंत्रमागाचीही त्याच नावाने खपवतात.

घासाघीस बाजारात करा, बुटिकमध्ये शोभत नाही. दुपारी एक ते तीन-साडेतीन बरीच दुकानं बंद, तेव्हा जेवून घ्या. गाडीने परतत असाल तर सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं-खेळणी बघा. मला तरी तीच जास्त आवडतात.