गोव्यात बँकेने ओढून आणलेली गाडी लिलावात घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मडगावच्या एका यार्डात हप्ते थकलेली हॅचबॅक लिलावाला निघाली आहे, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त दिसते, तर घ्यावी का. माझं मत, घ्या. पण बोली लावण्याआधी एक गोष्ट लेखी मिळवा: आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आज कोणाच्या नावावर आहे आणि ती तुमच्या नावावर कशी होणार. मी फोंड्याचा. अशीच सीझिंगची गाडी वापरतो आणि ओळखीच्यांबरोबर यार्डात गाड्या बघायलाही जातो. इंजिनाला मिस्त्री मिळतो, पण कागद अडकले की गाडी नुसती दाराशी उभी राहते.

नेहमीच्या सेकंडहँड व्यवहारात मालक समोर बसून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करतो. इथे त्याची गाडी ओढून नेलेली असते, तो तुमच्यासाठी सही करायला कशाला येईल? मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये यावर वाट आहे. फायनान्सवाले फॉर्म 36 भरून अर्ज करतात, आरटीओ मूळ मालकाला म्हणणं मांडायची संधी देतं आणि मग जुनी आरसी रद्द करून फायनान्सरच्या नावे नवी देतं. तिथून पुढे गाडी तुमच्या नावावर. हे झालंय का, नसेल तर कोण करणार, खर्च कोणाचा, हे विचारून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ ऐकून पैसे भरू नका. एखादा एजंट फॉर्म 32 पुढे करेल. तो सरकारने केलेल्या लिलावातल्या गाड्यांसाठी असतो, बँकेच्या लिलावाला नाही.

नंबर परिवहनच्या वेबसाइटवर टाकून चलन, विम्याची मुदत आणि बोजा (गाडीवर नोंदलेलं कर्ज) बघा. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. एमएच-07 (सिंधुदुर्ग) किंवा केए-30 (कारवार) ची गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि गोव्यातला रोड टॅक्स हिशेबात धरा. पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर ती रेंट-अ-कारची गाडी. किनाऱ्यावर रोज वेगळ्या हातात चाललेली, क्लच आणि सस्पेन्शनची हालत त्याच हिशेबाने बघा. शिवाय परमिट सरेंडर करून ती खासगी करून घेण्याचं काम वेगळं. पहिल्यांदाच घेत असाल तर मी म्हणेन, काळ्या पाटीच्या वाटेला जाऊ नका.

आता गाडी. लिलाव ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर असतो. चालवून बघू देत नाहीत, फार तर स्टार्ट करून दाखवतात, आणि नंतरची तक्रार कोणी ऐकत नाही. आपल्याकडे विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे गाडीने यार्डात पावसाळा काढलाय का. उघड्यावर चार महिने उभी असेल तर बॅटरी गेलेली, ब्रेकच्या डिस्कवर गंज, सीटवर बुरशी आणि बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर, हे सगळं शक्य आहे. मॅट उचलून हात फिरवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या टोकाला चिखलाचा डाग दिसला तर पाणी आत शिरलं होतं, ती गाडी सोडा. टायर कधी बनला ते त्यावरच्या चार आकड्यांवरून कळतं: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हप्ता थकण्याआधी सर्व्हिसिंग थकतं. तंगी आली की माणूस आधी ऑइल बदलायचं लांबवतो, मग हप्ता चुकतो. म्हणून शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते शोधा. पण गाडी ओढून नेली म्हणजे मालक बेपर्वा होता, असं धरू नका. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. तेव्हा डिचोली-सांग्याकडे किती कष्टाळू ट्रकवाल्यांचे हप्ते थकले ते आपण पाहिलंय. जिवापाड जपलेली गाडीही यार्डात येते, आणि नेमकी तीच तुम्हाला हवी आहे. चांगला मेकॅनिक बरोबर न्या, त्याचा दिवस भरून द्या.

सगळ्यात मोठी बोली तुमची म्हणून गाडी लगेच तुमची होत नाही, बहुतेक वेळा बँकेची मंजुरी लागते. मंजुरी आल्यावर मुदतीत पैसे भरले नाहीत तर बोलीसाठी भरलेली अनामत जाते, त्यामुळे पैशांची सोय आधी करा. बोलीचा आकडा घरूनच ठरवून जा: बाजारभावातून दुरुस्ती, टायर, बॅटरी, विमा, ट्रान्सफर आणि लिलाववाल्यांची फी वजा करा. बोली त्या उरलेल्या आकड्याच्या अगदी जवळ जात असेल तर सरळ मालकाकडून गाडी घेतलेली बरी.

ताबा घेताना सेल लेटर आणि बोजा उतरल्याचं पत्र हातात घ्या, दुसरी चावी मागा. विमा बहुधा संपलेला असतो. विनाविमा गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या गुन्ह्यालाच 2,000 रुपये दंड, आणि अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून. सेल लेटर दाखवून विमा कोणाच्या नावे निघेल ते विमा कंपनीला विचारा, आणि तो हातात येईपर्यंत गाडी टो करूनच घरी न्या.