सीझरच्या वेषातला फ्रेडरिक

प्रश्न : एका परिचितांनी ‘रोमन सोन्याचं नाणं’ म्हणून एक नाणं विकायला काढलं आहे. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला चेहरा आणि ‘सीझर’ ही अक्षरं, दुसऱ्या बाजूला गरुड आणि ‘फ्रिडेरिकस’. व्यास 20 मिलिमीटर, वजन 2.7 ग्रॅम. निम्मे पैसे देऊन बसलो आहे. फ्रेडरिक नावाचा रोमन सीझर कोण?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : असा सीझर प्राचीन रोममध्ये झाला नाही. हा तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक. वडील जर्मन सम्राट, आई सिसिलीची राजकन्या. 1220 मध्ये पोपने रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट घातला, म्हणून ती ‘सीझर, ऑगस्टस’ची बिरुदं. नाण्याचं नाव ऑगस्टालिस. 1231 पासून ते त्याच्या राज्यातल्या ब्रिंदिसी (दक्षिण इटली) आणि मेसिना (सिसिली) इथल्या टांकसाळींत पाडलं जाई.

मला मौज वाटते ती त्याच्या पोशाखाची. त्या काळच्या राजाचा मुकुट नाही, हातात राजदंड नाही. खांद्यावर अडकवलेलं रोमन सेनानीचं वस्त्र, डोक्यावर लॉरेलची पानं, आणि मागच्या बाजूला मान वळवून पाहणारा गरुड. अक्षरांच्या सुरुवातीचा बारीकसा क्रॉस सोडला, तर हजार वर्षांपूर्वीचंच वाटावं. चेहरा हुबेहूब त्याचा असेल असं मात्र समजू नका. तो आधी सीझरचा आहे, मग फ्रेडरिकचा. आपल्याकडे शिवरायांच्या होनावर चेहराच नाही, नुसतं ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’. फारसी अक्षरांची नाणी चालत होती त्या मुलखात देवनागरी पुरेशी बोलकी होती. सिसिलीतही आधीपासून अरबी अक्षरांची ‘तारी’ नावाची लहान सोन्याची नाणी चालत, आणि फ्रेडरिकने ती बंद केली नाहीत. त्यांची वजनं एकसारखी नसल्यामुळे व्यवहारात ती तोलून घ्यावी लागत. ऑगस्टालिस मात्र ठरल्या वजनाचं, सुमारे 5.3 ग्रॅम, साडेवीस कॅरेट. फ्लोरेन्सचं प्रसिद्ध सोन्याचं नाणं फ्लोरिन आलं 1252 मध्ये, म्हणजे फ्रेडरिक वारल्यानंतर.

आता तुमचं नाणं. व्यास बरोबर, वजन निम्मं. अर्ध्या किमतीचं ऑगस्टालिसही होतं, पण ते आकाराने लहान असे. जाडी अस्सल नाण्याएवढी असेल, तर 2.7 ग्रॅम हे जवळजवळ पितळेचंच वजन. भिंगाखाली कडेवर साच्याची रेघ दिसते का ते पाहा; दिसली, तर नाणं पाडलेलं नाही, ओतलेली नक्कल आहे. सराफाला कसोटीवर घासायला देऊ नका, चुकून अस्सल निघालं तर चरा कायमचा. त्याच्याकडून पाण्यात तोलून घ्या : या कसाचं सोनं पाण्याच्या सोळा-सतरापट जड भरतं, पितळ साडेआठपटीच्या आसपास.

तोवर उरलेली निम्मी रक्कम देऊ नका. दिलेल्या निम्म्याची पावती मात्र आजच मागा. परिचितांकडे ती मागायला आपण उगाच लाजतो.